लाइटनिंग कॉल

फोनवर बोलताना आमचे तपासनीस उभे राहत. पलीकडं कोण आहे याचा त्याच्याशी काही संबंध नसे. वैजापूरकडच्या एखाद्या किराणा दुकानदाराचा फोन असला तरी ते खुर्ची मागं सारून उठत, कोटाचं वरचं बटण लावत आणि मगच रिसीव्हर कानाला लावत. बोलणं संपलं तरी लगेच ठेवत नसत. पलीकडच्यानं ठेवल्याचा आवाज ऐकून मग ठेवत. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, यांच्या डोक्यावर कुणी फार कडक अधिकारी बसलेला असणार. नंतर कळलं, ते फोनलाच भीत होते.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. मुकुंदवाडीला एका खोलीत आम्ही राहत होतो. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, आणि माझी नेमणूक तात्पुरती, दर तीन महिन्यांनी वाढवून घ्यावी लागणारी. त्यामुळं ऑफिसातल्या प्रत्येकाला मी भीत होते. त्यांना जरा जास्तच.

आमचं ऑफिस म्हणजे औरंगाबादेतल्या भाड्याच्या दोन खोल्या, बाहेर उभ्या दोन रुग्णगाड्या आणि टेबलावर एक काळा फोन. सरकारी अनुदानावर चालणारं ते मदत केंद्र होतं. खेड्यात फोन फार थोडे. ज्या गावात दुकानदाराकडं फोन असेल तिथं आमची पाटी लागायची: जिवावर बेतल्यास इथून फोन करा, पैसे पडणार नाहीत. पैसे अर्थात पडायचेच. शहरात बोलायचं तर ट्रंक कॉल. साधा कॉल सांगितला की तासन्‌तास बसून राहायचं. लगेच जोडून हवा तर लाइटनिंग कॉल, आणि त्याचा दर साध्याच्या कितीतरी पट. दुकानदार ते बिल आधी स्वतः भरायचा, मग आमच्याकडं मागणी पाठवायचा. आम्ही ती तपासून वर धाडायचो आणि वरून मंजुरी आली की त्याला त्याचा खर्च परत मिळायचा. कागदावर याला प्रतिपूर्ती म्हणत. दुकानदार म्हणत, "आलं तर आलं."

त्या मागण्या तपासणं हे त्यांचं काम. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेला माणूस. पोलीस ॲक्शननंतर कारभाराची भाषा बदलली तेव्हा पंचविशी ओलांडताना ते मराठी लिहायला शिकले होते. अक्षर छापल्यासारखं. पण बेरीज उर्दूतच पुटपुटत करायचे, आणि एखादी मागणी मनात खुपली की समासात पेन्सिलीनं उर्दूत काहीतरी लिहून ठेवायचे. ते कुणाला वाचता येत नसे. आमचे शिपाई म्हणायचे, साहेब तिथं शिव्या लिहितात. मला तसं वाटत नसे. शिवी देणाऱ्या माणसाचा चेहरा वेगळा असतो.

ते मागणीवर हरकत लिहीत नसत. सही राहिली, तारखेत खाडाखोड झाली, तर दुसरा तपासनीस कागद परत पाठवून मोकळा झाला असता. हे छत्री उचलायचे आणि त्या गावाला निघायचे. उन्हाळा असो की हिवाळा, छत्री असायचीच. जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी कधी बसले नाहीत. समोरचा रस्ता बघवत नाही म्हणायचे. गावात जाऊन सही घेऊन यायचे, आणि ज्याच्यासाठी फोन झाला तो माणूस कसा आहे ते विचारून यायचे. जगला असेल तर परतल्यावर चहा मागवायचे. नसेल तर दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. "आधी आवाज, बाई," मला एकदा म्हणाले, "कागद नंतर. आपल्याकडं लोक उलटं करतात."

एका दुपारी टाचण्या हव्या होत्या म्हणून मी त्यांचा खालचा खण उघडला. आत कुलपं होती. बोटाच्या पेराएवढी, पितळेची, पुष्कळ. फोनच्या डायलला घालायची कुलपं ती. आकड्याच्या भोकात अडकवली की डायल फिरत नाही. एकाचीही चावी नव्हती. एवढी कुलपं एका माणसानं का जमवावीत ते मला कळेना. मी खण बंद केला. शिपायांना हळूच विचारलं तर ते म्हणाले, त्याच्याबद्दल त्यांना विचारू नका.

त्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी मला तपासणीला बरोबर घेतलं. गंगापूरच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला एक गाव होतं. तिथल्या काशिनाथ नावाच्या दुकानदाराच्या तीन मागण्या वर वर्षभर अडकल्या होत्या. ज्यांच्यासाठी फोन झाले त्यांच्या अंगठ्याचे ठसे पुसट आहेत अशी वरची हरकत होती. नवे ठसे घ्यायचे होते. गंगापूरपर्यंत जीपनं गेलो, पुढं एसटीनं, आणि फाट्यापासून चालत. ऊस तुटून गेलेली रानं, उन्हानं पांढरी पडलेली वाट. वाटेत ते सावकाश चालत होते. गाव दिसायला लागल्यावर मात्र त्यांचा वेग वाढला. मला मागं पळावं लागलं.

दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी काशिनाथचा नमस्कारही घेतला नाही. पोत्यांच्या मागं खिडकीत फोन होता तिकडं गेले. डायलला कुलूप होतं.

त्यांचा चेहरा मी बघितला आणि दोन पावलं मागं सरले. रागावले असते तर मला समजलं असतं. पण ते पांढरे पडले होते.

"चावी," ते म्हणाले.

काशिनाथ काही उद्धट माणूस नव्हता. त्यानं पाणी पुढं केलं, पोतं झटकून बसायला दिलं आणि मग सांगितलं. चावी भावाकडं होती आणि भाऊ गंगापूरच्या बाजाराला गेला होता, दिवेलागणीपर्यंत येणार नव्हता. कुलूप मुद्दाम घातलं होतं. तीन लाइटनिंग कॉलचे पैसे त्यानं पदरचे भरले, एक दमडी परत आली नाही, आता दोन बिलं थकलीत. "साहेब, लोक रडत येत्यात. मला नाय म्हणवत नाय," तो म्हणाला. "म्हणून कुलूप घातलंय. चावी नाय म्हणलं की माझं तोंड तरी वाचतं."

ते पोत्यावर बसले, फोनकडं पाठ करून. मी ठशांची शाई काढली, कागद मांडले. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला.

गावाबाहेर गुऱ्हाळ चालू होतं. तिथं चरकात ऊस सारणारी गयाबाई नावाची बाई होती, तिचा उजवा हात उसाबरोबर आत ओढला गेला होता. इंजिन बंद करून, चरक उलटा फिरवून लोकांनी तिला सोडवलं आणि बाजेवर घालून दुकानाशी आणलं, कारण पाटी तिथं होती. हात कोपरापर्यंत गेला होता. मला बघवेना. तिच्या नवऱ्याच्या डोक्याचा पटका मी दंडाला आवळून बांधला. कुणीतरी सांगत होतं तसं बांधत गेले. गयाबाई ओरडत नव्हती. डोळे उघडे होते आणि ती फोनच्या खिडकीकडं बघत होती. गावात त्या दिवशी एकही जीप नव्हती, सगळ्या बाजाराला गेलेल्या. एसटी संध्याकाळी.

कुणीतरी कुलूप तोडायला हातोडी आणली. ते एकदम उठले आणि तो हात धरला. "फोन फुटेल," म्हणाले. मग मला हाक मारली, रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि दोघांना ऐकू येईल असा धरायला सांगितला. आमची डोकी जवळजवळ टेकली होती. त्यांच्या कोटाला कापराचा वास येत होता.

रिसीव्हर ठेवतो तिथं जे दोन खटके असतात, त्यावर ते बोटानं टकटक करायला लागले. एक आकडा, तेवढ्या टिचक्या. थोडं थांबायचं, पुढचा आकडा. डायल न फिरवता असा नंबर लागतो हे मला माहीत नव्हतं. त्यांचे ओठ उर्दूत मोजत होते. कुणीतरी उचलला. गंगापूरचा कुणी अडत्या होता, भाव विचारायला लागला. एक टिचकी चुकली होती.

त्यांनी घाम पुसला, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा चुकलं. मागं गयाबाईचा नवरा तिला नावानं हाका मारत होता, आणि दर हाकेला ती उत्तर द्यायची ते बंद झालं होतं. मला वाटलं, आता हे खाली बसणार. ते बसले नाहीत. डोळे मिटून त्यांनी तिसऱ्यांदा टिचक्या मारल्या, आणि ट्रंकची ऑपरेटर बाई बोलली.

लाइटनिंग कॉल, ते म्हणाले. आमच्या केंद्राचा नंबर दिला. बाईंनी काशिनाथचा नंबर विचारला, थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला आणि त्या म्हणाल्या, या नंबरवर बाकी आहे, ट्रंक बंद केलेला आहे, कॉल जोडता येणार नाही. यांनी सांगितलं की एक बाई मरतेय. ऑपरेटर वाईट नव्हती. पण वरून लेखी आहे, म्हणाली, माझी नोकरी जाईल.

मग ते सरळ झाले आणि मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात बोलले.

"मी कलेक्टर कचेरीतून आलोय. साहेबांचा हुकूम आहे. बाकीची जबाबदारी आमची. जोडा."

तिनं जोडला. आमच्या शिपायांचा आवाज आला. गाडी निघाली.

गाडी यायला दीड तास लागला. त्या दीड तासाबद्दल मी आजही फार बोलू शकत नाही. पटका थोडा सैल करायचा, पुन्हा आवळायचा. गयाबाईच्या तोंडात चमच्यानं पाणी घालायचं. बाया बाजेभोवती बसल्या होत्या आणि त्यांतली एक सारखी विचारत होती, आली का हो, आली का. ते दुकानाच्या पायरीवर रस्त्याकडं पाठ करून बसले होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं.

पुष्कळ वर्षांपूर्वी कन्नड तालुक्यातल्या एका दुकानदाराची मागणी त्यांनी परत पाठवली होती. एक सही नव्हती. त्यांच्या हातची तेवढी एकच हरकत. दुकानदारानं रागानं फोनला कुलूप घातलं आणि देवाला गेला. त्याच आठवड्यात तिथं एका माणसाला साप चावला. लोक फोनपाशी आले आणि कुलपासमोर बसून राहिले. तो माणूस तिथंच, फोनसमोर गेला. "मी नंतर गेलो तर लोकांनी मला शिव्या दिल्या नाहीत," ते म्हणाले. "चहा दिला. मला तेच सोसलं नाही." त्यानंतर त्यांनी एका लाइनमनकडून ही खटक्याची विद्या शिकून घेतली, आणि जिथं कुलूप दिसेल तिथून ते काढून आणायला लागले.

गयाबाई जगली. हात दंडापासून काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःविरुद्ध अर्ज लिहिला. आपण ऑपरेटरशी खोटं बोललो, नसलेल्या अधिकाराचा वापर केला, आणि तसं का करावं लागलं. त्यात काशिनाथच्या तीन मागण्यांचा सगळा इतिहास होता: पैसे कधी मागितले, कागद कुणाकडं किती दिवस पडून राहिला, त्यामुळं बिल कसं थकलं, त्यामुळं ट्रंक कसा बंद झाला. साक्षीदार म्हणून माझं नाव होतं. मी ते वाचलं. मला वगळा, असं म्हणायचं होतं. म्हणाले नाही.

चौकशीला वरून दोन अधिकारी आले. मला आतल्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं. ते मोठ्यानं बोलले नाहीत. त्यांतल्या थोरल्यानं माझी फाइल उघडली आणि मायेनं विचारलं, "तुमची मुदतवाढ याच महिन्यात आहे ना, ताई?" मग ते म्हणाले, तिथं गोंधळ असेल, तुम्ही जखमी बाईजवळ असाल, तुम्हाला काय बोलणं झालं ते ऐकू आलं नसेल. मला खोलीचं भाडं दिसत होतं, नवऱ्याचं तोंड दिसत होतं.

"नाही," मी म्हणाले. "मला ऐकू आलं नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. ऑपरेटरनंही स्वतःच्या भीतीनं असला कॉल आठवत नाही असं कळवलं होतं. पुरावा नाही म्हणून प्रकरण मिटलं. निवृत्तीला चार महिने उरलेल्या माणसाला त्रास नको, अशी दयाही त्यात दाखवली होती. त्यांचा अर्ज फाइलला लागला नाही. परत आला.

मला वाटलं, त्यांना सुटल्यासारखं होईल. त्यांनी तो अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. "मला शिक्षा व्हायला हवी होती, बाई," म्हणाले. "शिक्षेचा कागद मुंबईपर्यंत जातो. त्यात कारण लिहावं लागतं." एवढंच. नंतरच्या चार महिन्यांत माझ्याशी कामापुरतं बोलले, नेहमीच्या अदबीनं. मला ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते निवृत्त झाले. मला मुदतवाढ मिळाली, मग मी कायम झाले, आणि त्यांचं टेबल मला मिळालं.

त्या टेबलावर वर्षभरानं एक मागणी परत आली. त्या दिवसाच्या लाइटनिंग कॉलची, काशिनाथची. गयाबाईचा अंगठा घेऊन, मीच तपासून वर पाठवली होती. आमच्या नियमात पुरुषाचा डाव्या अंगठ्याचा ठसा लागे आणि बाईचा उजव्या. वरून लाल शाईत हरकत होती: अर्जावरील ठसा डाव्या अंगठ्याचा दिसतो, नियमानुसार महिलेच्या उजव्या अंगठ्याचा ठसा घेऊन फेरसादर करावे.

मी तो कागद कितीतरी वेळ हातात धरून बसले. काशिनाथनं पुन्हा कुलूप घातलं असेल का, हा पहिला विचार. मग गयाबाईचे ते उघडे डोळे. खुलासा दोन ओळींत देता आला असता. मी लिहायला घेतला आणि तो तीन पानं झाला. उजवा हात का नाही. तो गेला त्या दिवशी फोनला कुलूप का होतं. ट्रंक का बंद होता. कॉल जोडून घेण्यासाठी कोण काय खोटं बोललं आणि चौकशीत मी काय खोटं बोलले. रिसीव्हर माझ्या हातात होता, असं लिहिलं आणि खाली सही केली.

पाठवण्याआधी मी हर्सूलला त्यांच्या घरी गेले. यात त्यांचं नाव होतं, विचारायला हवं होतं. ते अंगणात बाजेवर बसले होते, बारीक झाले होते. तिन्ही पानं त्यांनी सावकाश वाचली. त्यांच्या बीबी दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, पेन्शनला काही धोका आहे का. मी खरं ते सांगितलं, आहे. माझ्या नोकरीलाही आहे, आणि मला भीती वाटते, असंही म्हणाले.

ते मला धीर द्यायच्या भानगडीत पडले नाहीत. "मलाही फार भीती वाटली होती," म्हणाले. "दोन वेळा नंबर चुकला तो त्या भीतीनंच." आणि पानं घडी न घालता परत दिली.

चौकशी पुन्हा उघडली. त्याच खोलीत, त्याच थोरल्या अधिकाऱ्यासमोर मी बसले, आणि या वेळी दार लावल्यावरही विचारलं त्याचं उत्तर दिलं. माझ्या दोन वेतनवाढी रोखल्या. त्यांचं पेन्शन आठ महिने अडकलं. पण कारण कागदावर आलं, कागद मुंबईला गेला, आणि पुढच्या वर्षी आदेश निघाला की पाटी लावलेल्या फोनवर बाकी असली तरी ट्रंक बंद करायचा नाही, आणि दुकानदाराला खर्चाची रक्कम आगाऊ द्यायची. काशिनाथचे चारही कॉलचे पैसे आले. पावतीवर गयाबाईनं साक्षीला डावा अंगठा दिला. तो कुणी नाकारला नाही.

आदेशाची प्रत घेऊन मी हर्सूलला गेले तेव्हा ते आत झोपले होते, भर दुपारी. त्यांच्या बीबींनी मला दारातच थांबवलं. पेन्शन थांबलं त्या महिन्यांत त्यांनी बांगड्या मोडल्या होत्या, ते मला शेजारणीकडून कळलं होतं. मी मान खाली घालून कागद पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही.

"लग्नाला चाळीस बरस झाली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्यातली कितीतरी बरस हा माणूस रोज दचकून उठायचा. तुमचा तो कागद गेल्यापासून झोपायला लागलाय. त्यांना उठवू नका."

त्यांना माझा राग होता की नव्हता, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यांनी चटई टाकली, आणि ते जागे होईपर्यंत आम्ही दोघी बसून राहिलो.